माझं नाव गेलं की राह्यलं?

संगणकाशी माझे नाते जावयाचे सासूशी असावे तसे आहे. मी त्याच्याशी अदबीने वागतो, त्याने वाढले ते निमूटपणे घेतो आणि त्याच्या स्वयंपाकघरात कधी डोकावत नाही. प्रश्नपत्रिका टंकाव्यात, गुणपत्रके भरावीत, एवढाच आमचा घरोबा. त्याच्या पोटात काय असते हे पाहण्याचा योग आला तो वालूरला, भाच्याच्या दुकानात. आणि तोही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नामुळे.

वालूर हे परभणी जिल्ह्यातले, सेलू तालुक्यातले गाव. पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात अशी तिथली जुनी बारव पाहायला हल्ली लांबून माणसे येतात. माझी थोरली बहीण तिथे दिलेली. त्यामुळे मला बारवेपेक्षा तिच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची ओढ अधिक. तिच्या मुलाने बी.ए. झाल्यावर नोकरीची वाट पाहत बसण्याऐवजी एक लहानसा गाळा घेतला, त्यात एक संगणक आणि एक प्रिंटर मांडला आणि लोकांचे अर्ज भरून द्यायला सुरुवात केली. आता गावात कोणाला सातबारा हवा असो की मुलीचा निकाल, पाय त्याच्या दुकानाकडे वळतात.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैची अखेर होती. पीकविम्याचे अर्ज भरण्याची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते आणि दुकानाच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत माणसे उकिडवी बसली होती. मी चहा पीत कोपऱ्यात बसलो होतो. पाळी एका आबांची होती. कर्ज काढून सोयाबीन पेरलेले, वर पावसाने दडी मारलेली, आणि दुकानात ही त्यांची तिसरी खेप. नाव, आधार क्रमांक, बँकेचे खाते, गट नंबर असे निम्म्याहून अधिक भरून झाले, आणि वीज गेली. खालच्या यू.पी.एस.ची बॅटरी थकलेली. तिने एक आचका दिला आणि पडदा काळा झाला. वीज लगेच आली, पण पडदा उजळेना. पेटीतून नुसते पीं-पीं-पीं ऐकू येऊ लागले.

आबांनी चोहीकडे पाहिले. चष्मा लावलेला आणि रिकामा असा मीच एक दिसलो.

"गुरुजी," ते म्हणाले, "माझं नाव गेलं की राह्यलं?"

वीस वर्षे मी वर्गात कवितांचे अर्थ सांगत आलो आहे. ‘नेमके सांगता येत नाही’ हे वाक्य तिथे खपून जाते, उलट त्याने विद्वत्ता वाढल्यासारखी वाटते. इथे ते खपणारे नव्हते.

"मामा, रॅम बोंबलायली," भाचा म्हणाला. "आबा, घाबरू नका. पाच मिनिटं."

त्याने पेटीच्या बाजूचा पत्रा काढला. या पेटीला गावात, आणि खरे तर आमच्या महाविद्यालयातही, सरसकट ‘सी.पी.यू.’ म्हणतात. ते चूक आहे हे मला त्या दिवशी कळले. सी.पी.यू. हा आतला एक चौकोनी तुकडा, मोठ्या टपाल तिकिटाएवढा, पंख्याखाली लपलेला. पण मी भाषेचा माणूस, मला या चुकीची मौजच वाटली. ‘पानं मांडा’ म्हटल्यावर कोणी नुसती केळीची पाने मांडून थांबत नाही. तशीच ही लक्षणा.

पेटीत हात घातला की पहिल्यांदा लागतो तो तारांचे जुडगे बाहेर आलेला डबा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज आतल्या नाजूक मंडळींना सोसणारी नसते. हा डबा ती उतरवून बारा, पाच, सव्वातीनच्या आसपास अशा बेताच्या व्होल्टची करून देतो. सगळ्यांत मोठी हिरवी पाटी म्हणजे मदरबोर्ड. ती स्वतः विशेष काही करीत नाही, पण तिच्या अंगावरच्या तांब्याच्या बारीक रेघांवरून सगळ्यांचे निरोप जातात-येतात. तिच्यावर नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. दिवाळीत दुकान चार दिवस बंद राहिले तरी यंत्राचे घड्याळ मागे पडत नाही ते त्याच्यामुळे. आणि यंत्र जागे होताच काय काय करायचे याची कायमची कोरलेली सूचनावलीही तिथेच एका चिपमध्ये असते. जागे झाल्याबरोबर ती घरातली माणसे मोजते, आणि कोणी हजर नसेल तर ओरडते. मघाचे पीं-पीं हे त्या हजेरीपटाचे होते. रॅम जागेवर आहे, पण ओ देत नाही, अशी तक्रार.

भाच्याने वीतभरापेक्षाही लहान अशी एक पट्टी उपसून काढली. तिच्या कडेला सोनेरी दात होते. "रबर द्या कुणी तरी," तो म्हणाला. पायरीवर बसलेल्या एका पोराने दप्तरातून खोडरबर काढून दिले आणि भाचा त्या दातांवर ते घासू लागला. लाखो गणिते करणाऱ्या यंत्राचे दुखणे चौथीच्या पोराच्या खोडरबराने बरे होते, यावर माझा आधी विश्वास बसेना. पण कारण साधे आहे. दमट हवेत त्या दातांवर मळ चढतो, वीज पलीकडे पोचत नाही, आणि घासले की पोचते.

तो घासत होता तोवर वेळ जावा म्हणून मी मास्तरकी सुरू केली. चार्ल्स बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १८३० च्या दशकात दातेरी चाकांच्या एका महायंत्राचा आराखडा केला होता. यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही, पण त्याचे दोन मुख्य भाग त्याने ठरवून ठेवले होते: आकडे जिथे दळले जातात ती ‘मिल’, आणि जिथे साठवले जातात ते ‘स्टोअर’. मी एवढे सांगितले मात्र, आबा म्हणाले, "म्हंजे गिरणी आन् कणगी." शब्दकोशात यापेक्षा चांगला प्रतिशब्द मला सापडला नसता.

गिरणी म्हणजे तो पंख्याखालचा प्रोसेसर. त्याला फार थोड्या गोष्टी येतात: बेरीज करणे, दोन आकडे ताडून पाहणे, इकडचा आकडा तिकडे ठेवणे. एक आज्ञा आणायची, ती काय म्हणते ते ओळखायचे, तेवढे करायचे, पुढची आणायची. अक्कल म्हणाल तर नाही. पण ठोके सेकंदाला तीनशे कोटींच्या घरात. अक्षर तर त्याला ठाऊकच नाही. कळफलकावरची ‘व’ची कळ दाबली की आत जातो तो २३५७ हा आकडा. ‘वालूर’ हे आपल्या लेखी एक गाव. त्याच्या लेखी २३५७, २३६६, २३५४, २३७०, २३५२ असे पाच आकडे. यातला दुसरा आणि चौथा पाहा: नुसता काना आणि नुसता दीर्घ उकार! युनिकोड या जागतिक संकेताने आपल्या मात्रांनाही स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. उत्तरपत्रिकांत ऱ्हस्व-दीर्घाला कोणी विचारीत नाही. हे यंत्र विचारते.

कणगी मात्र एक नसते, दोन असतात, आणि आबांच्या प्रश्नाची मेख तिथेच होती. भाच्याच्या हातातली पट्टी, रॅम, ही पहिली. तिच्यात प्रत्येक ‘हो’ किंवा ‘नाही’ साठवायला विजेची एकेक सूक्ष्म घागर असते, आणि ती घागर गळकी असते. म्हणून सेकंदाला पंधराएक वेळा ती पुन्हा भरावी लागते. वीज आहे तोवर भरणे चालू. वीज गेली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे कोरडे. मग असली कणगी ठेवायचीच कशाला? वेगासाठी. गिरणीच्या तोंडाशी धान्य झपाझप यायला हवे. दूरच्या कोठारात दर मुठीला हेलपाटा परवडत नाही.

ते कोठार म्हणजे हार्ड डिस्क. भाच्याकडची जुन्या घडणीची होती: आत चुंबकी लेपाची गुळगुळीत तबकडी, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, आणि तिला न टेकता तिच्यावरून तरंगणारे एक टोक. लेपावर उमटलेली चुंबकाची खूण विजेवाचूनही टिकते. नव्या यंत्रांत तबकडी जाऊन चिपच आली आहे, पण तीही वीज गेल्यावर विसरत नाही.

गंमत अशी, की आपल्याकडे घडवलेल्या पहिल्या डिजिटल संगणकाची जवळची कणगीही विसरभोळी नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांनी तो स्वतः जुळवला. १९५६ साली चाचणीयंत्र झाले, १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, पुरे यंत्र चालू झाले, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. जुन्या रेडिओत असत तसले सुमारे २७०० व्हॉल्व्ह त्यात होते. आज्ञा भोके पाडलेल्या कागदी फितीवरून आत जात आणि उत्तरे टेलिप्रिंटरवर उमटत. स्मरणासाठी फेराइटची बारीक कडी तारांत ओवलेली असत. कडे एका दिशेने चुंबकले तर हो, उलट दिशेने तर नाही. चुंबकच ते, वीज गेली तरी खूण राही. अशी २०४८ घरे, प्रत्येकात ४० खुणा. आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. देवनागरीचे एक अक्षर साठवायला सामान्यतः तीन बाइट लागतात, तेव्हा हा लेखसुद्धा त्यात पुरता मावला नसता. आणि भाचा खोडरबराने जी पट्टी घासत होता तिच्यात त्याच्या चार लाखांहून अधिक पट जागा होती. फक्त तिला विसरण्याचा रोग.

पट्टी ‘टक्’ करून जागेवर बसली. पंखा फिरला, एकच लहानशी शिट्टी झाली, पडदा उजळला आणि पायरीवरची माणसे उठून उभी राहिली.

"सांगा आता, गुरुजी," आबा म्हणाले.

आता मला सांगता येत होते. भाच्याने कळफलकावर बडवलेले नाव, खाते, गट नंबर हे सारे अजून पाठवलेले नव्हते. ते त्या पट्टीतच होते. ते गेले. पण त्यांचा सातबारा आणि पासबुकाचे पान स्कॅन करून भाच्याने आधीच ‘सेव्ह’ केले होते. ते तबकडीवर होते, शाबूत. आणि सकाळपासून ज्यांचे अर्ज पाठवून झाले होते त्यांची नावे तर या पेटीत नव्हतीच. ती तारेवरून कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या मोठ्या यंत्राच्या तबकडीवर जाऊन बसली होती. वालूरची वीज दहादा गेली तरी त्यांना धक्का लागणार नव्हता.

"म्हंजे नाव गेलं, सातबारा राह्यला," आबा म्हणाले. "मंग नाव पुन्हा लिव्हा. नाव काय, मला पाठ हाय."

भाच्याने पुन्हा सुरुवात केली. या खेपेला दर दोन ओळींनी मी यू.पी.एस.च्या हिरव्या दिव्याकडे पाहत होतो. भाचा मात्र निवांत. शेवटची कळ दाबली, पडद्यावर एक चक्र फिरत राहिले, बराच वेळ फिरत राहिले, आणि अर्जाचा क्रमांक उमटला. प्रिंटरने खरखर करून पावती बाहेर सोडली.

आबांनी ती उजेडाकडे धरून आपले नाव शोधले, त्यावर बोट ठेवले आणि मला वाचायला लावले. काना-मात्रा सगळे बरोबर होते. मग त्यांनी धोतराच्या कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यात आधार कार्ड, पासबुक आणि पावती असे एकावर एक घालून गाठ मारली आणि भाच्याला म्हणाले, "अजून एक काढ रे. घरी पेटीत ठिवतो."

भाच्याने दुसरी प्रत काढली. तोवर पुढच्याने आपले कागद काउंटरवर मांडलेही होते, आणि खोडरबरवाला पोरगा आपले रबर मागत उभा होता.