मीटर थांबलं तरी वय थांबत नाही

‘सिंगल ओनर, कमी रनिंग, कंडिशन उत्तम!’ जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत ही विशेषणं ठरलेली. लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष’ असतं ना, तसंच. आणि तिथल्यासारखंच इथेही एखादं विशेषण चांगलंच चकवतं. ‘कमी रनिंग’ हे त्यातलंच. गाडी कमी चालली म्हणजे ती नवी राहिली, असं आपण धरून चालतो. खरं तसं असतं का? गेल्या वर्षी आमच्या घरात यावरून महिनाभर खल चालला होता. त्यातून जे कळलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते.

आमच्या दारात १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. क्रीम रंगाची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. आमच्या मुलींना ती फक्त मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे माहीत. त्या टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. पण एके काळी कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीसाठी लोक पैसे भरून नंबर यायची वाट बघत. माझ्या सासऱ्यांनीही बघितली होती. ते वकील. कराडचं कोर्ट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे गाडी निघायची ती लग्नकार्याला नाहीतर जोतिबाला. पुढे पुढे तर रविवारी सुरू करायची, पुसायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. मीटरवर आकडा एकतीस हजारांचा.

सासरे गेले, त्याला आता तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी सासूबाई एकदम म्हणाल्या, “मला एकदा या गाडीतून सिन्नरला न्या.” सिन्नर त्यांचं माहेर. वय शहात्तर. कराड ते सिन्नर सुमारे साडेतीनशे किलोमीटर.

झालं! घरात तीन पक्ष पडले. धाकटे भाऊजी म्हणाले, “वहिनी, एवढी कमी चाललेली पद्मिनी म्हणजे सोनं आहे. हौशी लोक चांगली किंमत देतात. प्रत्येक किलोमीटरला तिचा भाव उतरणार.” मुलगा म्हणाला, “एकतीस हजार म्हणजे काहीच नाही. एका दमात नेतो आजीला.” आमच्या ह्यांचं एकच पालुपद, “वाटेत बंद पडली तर?” गंमत म्हणजे तिघंही मीटरवरच्या त्याच आकड्याकडे बघून बोलत होते.

मग आम्ही फियाटवर हात बसलेल्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. आधी गाडीखाली शिरले, मग ब्रेकच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते चाचपलं. म्हणाले, “ताई, मीटरला आकडे पाचच. लाख झाले की पुन्हा शून्यापासून सुरू. खरी गाडी पेडल सांगतं, सीट सांगतं.” आमची खरोखरच एकतीस हजार चाललेली निघाली. तरी ते पुढे म्हणाले, “चालली की झिजते आणि उभी राहिली की सडते. तुमची उभी राहिलीय.”

आपल्याला हे कळायला अवघड नाही. ट्रंकेत वर्षानुवर्षं घडी न मोडता ठेवलेली पैठणी उघडली, की नेमकी घडीवर चिरलेली निघते. गाडीतल्या रबराचं तेच. रेडिएटरच्या नळ्या, पंख्याचा पट्टा, पेट्रोलची नळी, ब्रेकमधले वायसर हे सगळं किलोमीटरवर नाही, वर्षांवर म्हातारं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून गाडी चालो न चालो, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. टाकी आतून गंजते, शिळं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबवतं. टायरची नक्षी नव्यासारखी दिसली तरी भुलू नका. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३०९’ असेल, तर तो टायर २००९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. दहा वर्षांच्या पुढचा टायर घेऊन हायवेवर जाऊ नये. आमचे टायर चौदा वर्षांचे होते!

आणखी एक नवी गोष्ट कळली. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. या जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत. जुन्या रबराला ते खातं आणि पाणी धरून ठेवतं. त्यामुळे पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्या लागतात आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने पडू द्यायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तो काळ वेगळा होता, रस्ते वेगळे होते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, एअरबॅग नाही, आमच्या गाडीला तर सीटबेल्टही नव्हते. मिस्त्रींनी ब्रेक पूर्ण उघडून नवे केले, पुढे-मागे बेल्ट बसवून दिले. तरीही आजच्या गाडीइतकी ती सुरक्षित होत नाही, हे मनाशी पक्कं ठेवावं. म्हणून ठरलं, नातीला तिच्यात बसवायचं नाही. रात्री चालवायची नाही. पावसात नाही. वेग पन्नास-पंचावन्न, डाव्या बाजूने. मुलाचं ‘एका दमात’ तिथेच संपलं.

कागदांचं काम माझ्याकडे होतं. बचत गटाच्या बायकांची असली कामं मी नेहमीच करते, आणि दर वेळी तेच दिसतं. नवरा गेला तरी गाडी त्याच्याच नावावर. पुढे अपघात झाला, की विम्याचे पैसे अडकतात. मैत्रिणींनो, गाडीचा मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. सासरे गेल्यावर मी हे काम लगेच केलं होतं. गाडी सासूबाईंच्या नावावर होती. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. तिचं शुल्क २०२२ पासून बरंच वाढलंय. त्याबरोबर पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि टोलसाठी फास्टॅग. यातलं एक जरी राहिलं असेल, तर गाडी दारातच शोभते.

सगळा खर्च चाळीस हजारांच्या वर गेला. ह्यांनी हिशेब मांडला, “एवढ्यात भाड्याची एसी गाडी करून चार वेळा सिन्नरला जाऊन आलो असतो.” हिशेब बरोबरच होता. जुनी गाडी दूर नेण्यात बचत नसते, ती हौस असते, आणि हौसेला हौसच म्हणावं. पण भाऊजींचा भावाचा मुद्दा उरलाच होता. मी म्हटलं, “मालकीणबाईंनाच विचारू या.” महिनाभर सगळे बोलत होते, पण जिच्या नावावर गाडी, तिला कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “विकून पैसे येतील. ते मला सिन्नरला नेतील का? यांनी गाडी घेतली तेव्हा पहिला शब्द तोच दिला होता. राहून गेलं.”

यावर कोण काय बोलणार!

तेव्हा मला बर्था बेंझ आठवल्या. मोटारीचा शोध लावणाऱ्या कार्ल बेंझ यांची बायको. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मोटार काढून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरेक किलोमीटर. जगातला मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास, आणि कुठे? माहेरी, आईकडे! वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. दारात उभ्या मोटारीवर तोवर लोकांचा विश्वास बसत नव्हता. ती माहेरी जाऊन आल्यावर बसू लागला.

आम्ही मात्र एकदम निघालो नाही. पहिल्या दिवशी ओगलेवाडीपर्यंत, मग पाटणला, मग कोल्हापूरला जाऊन परत. प्रत्येक फेरीनंतर रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरायचा आणि सकाळी डाग बघायचे. तेल गळत असेल तर पुठ्ठा सांगतो. पाटणच्या फेरीनंतर एक डाग पडला, तो दुरुस्त केला. कोल्हापूरहून आल्यावर पुठ्ठा कोरा. तापमानाचा काटाही जागेवर. काटा वर चढला तर थांबायचं आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. कुकरचं उघडतो का आपण?

शेवटी डिसेंबरात निघालो. पुण्याला मुक्काम, दर दीड तासाला विश्रांती, मागून भाऊजींची नवी गाडी. दुसऱ्या दिवशी चार वाजता सिन्नर. सासूबाईंचे भाऊ आता नाहीत, पण भाचरं होती. त्यांनी गाडीलाही ओवाळलं.

तुमच्या दारातही अशी एखादी गाडी, स्कूटर झाकलेली असेल. तिला दूर न्यायचं का, हे मीटरला विचारू नका. रबराला, ब्रेकला, कागदांना आणि खिशाला विचारा. पत्रा खालून कुजला असेल किंवा ब्रेकची खात्री नसेल, तर मोह सोडा. गावातल्या गावात फिरवा, तेही वाईट नाही. पण सगळी उत्तरं बरी आली, तर नुसता भाव वाढावा म्हणून झाकून ठेवू नका. आमच्या मीटरवर सातशेच्या वर किलोमीटर वाढले. आता सासूबाई म्हणताहेत, “उन्हाळ्याआधी जोतिबाला जाऊन येऊ.” पुठ्ठा पुन्हा गाडीखाली घातलाय.