उत्तर कोरियाच्या प्रवासाची वैद्यकीय तजवीज

ज्या देशात सरकारी मार्गदर्शकाच्या सोबतीवाचून परकीय पाहुण्यास हॉटेलाबाहेर हिंडण्याची मुभा नाही, त्या उत्तर कोरियात अवेळी ताप भरल्यास कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळी आणू, हा हिशेब व्यर्थ होय. कारण तेथील रुग्णालयांत औषधांची आणि विजेची चणचण नेहमीचीच, उपचाराचे पैसे बहुधा रोख मोजावे लागतात, आणि दुखणे बळावल्यास रुग्णास विमानाने चीनमध्ये हलविण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही. 2020 च्या जानेवारीत महासाथीपायी बंद झालेली सरहद्द अद्याप पुरती खुली नाही. तथापि जाण्याचा योग आलाच, तर विम्याच्या दस्तऐवजात हा देश वगळलेला नाही आणि अशा स्थलांतराचा खर्च त्यात अंतर्भूत आहे, याची खातरजमा व्हिसाच्या अर्जाआधीच करावी.

नित्याची औषधे मुक्कामाहून अधिक दिवसांची, मूळ वेष्टनात व डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. विषमज्वर आणि हिपॅटायटिस ‘ए’च्या लसी घ्याव्यात. इतक्या उत्तरेकडील थंड मुलखात, दक्षिण सीमेलगतच्या केसाँगच्या परिसरात, उन्हाळ्यात व्हायवॅक्स हिवताप आढळतो, हे पुष्कळांना नवल वाटेल! आणि दात? माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित बाब तीच. ते निघण्यापूर्वीच दाखवून घ्यावेत.