घरचा ताळेबंद आणि ऋणमुक्तीची वाट

अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून राष्ट्राचा अर्थसंकल्प असतो, राज्याचा असतो, ग्रामपंचायतीचाही असतो. घराचा मात्र नसतो. केंद्रीय अर्थसंकल्पातील तूट म्हणजे काय हे आपण परीक्षेत दहा गुणांसाठी लिहितो. पण आपल्या घरावर सोसायटीचे किती कर्ज आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? म्हणून या लेखात घराच्याच अर्थकारणाविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे. 'आर्थिक स्वातंत्र्य' हा शब्द हल्ली फार कानांवर येतो. त्याचा साधा अर्थ असा, की घरखर्चासाठी कोणापुढे हात पसरावा लागू नये, आणि पुढे हातपाय थकले तरी साठवलेल्या पैशावर व मिळकतीवर घर चालावे.

या प्रश्नाशी आपल्या जिल्ह्याचे नाते फार जुने आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि पाहता पाहता हे लोण नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे भागांत येऊन पोचले. इतिहासकार यास 'दख्खनचे दंगे' म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता. त्यातच फेरपाहणीनंतर शेतसारा वाढला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कर्जखतांवर होता. खते मागून घेतली आणि जाळली. कारण उघड आहे. त्या कागदावर काय लिहिले आहे, मुद्दल किती व व्याज किती, हे अंगठा देणाऱ्याला कधीच कळत नसे. 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांसाठी जो शेतकरी ऋणनिवारणाचा कायदा झाला, त्यात फेडीची पावती व हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूद करावी लागली. आपला हिशेब आपल्याला दिसावा यासाठी आपल्या पणजोबांच्याही आधीच्या पिढीला दंगा करावा लागला. आणि आपण पासबुकावर नोंदी करून घेण्याचा कंटाळा करतो!

पुढची वाट सहकाराने दाखविली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी 1923 साली सहकारी पतपेढी काढली. धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने तेथेच प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या अखेरीस सुरू झाला. हा इतिहास आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो, म्हणून येथे अधिक विस्तार करीत नाही.

आता व्याजाकडे वळू. खाजगी देणेघेणे नेहमी 'शेकडा दोन' किंवा 'शेकडा तीन' असे बोलले जाते. ऐकायला आकडा लहान वाटतो, कारण तो महिन्याचा असतो. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. व्याजावर व्याज चढले तर सुमारे दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते. उलट सात टक्क्यांची ठेव दुप्पट व्हायला दहा वर्षे लागतात. तरीही अनेक घरांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. लेकीच्या लग्नासाठी म्हणून 50,000 रुपयांची ठेव सात टक्क्यांनी ठेवलेली असते, ती 'मोडायची नाही'. आणि बियाण्यासाठी तेवढीच रक्कम बाहेरून शेकडा दोनने उचललेली असते. ठेवीचे व्याज वर्षाला 3,500, कर्जाचे 12,000. साडेआठ हजार रुपये केवळ 'ठेव मोडली नाही' या समाधानापोटी जातात. महागडे कर्ज फेडणे हीच सर्वांत चांगली बचत, हे विधान एवढ्या एका हिशेबाने सिद्ध होते. सोसायटीच्या पीककर्जाची गोष्ट वेगळी. ते वेळेवर भरले तर सरकारच्या सवलतीमुळे व्याज फारच हलके पडते. थकले की ती सवलत जाते.

आपल्याकडील घरांची खरी अडचण उत्पन्न कमी असण्याइतकीच ते एकसारखे नसण्याची आहे. दुधाचा पगार बहुधा दहा दिवसांनी येतो, उसाचे बिल हंगामात, कांद्याचे बाजाराच्या मर्जीवर. येथे हिवरे बाजारचे उदाहरण घेण्याजोगे आहे. त्या गावात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला हे मोजायचे, पिण्याचे व जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते गावाने ठरवायचे. उसासारख्या तहानलेल्या पिकाला तेथे मज्जाव, आणि शेतीसाठी विंधनविहिरींनाही. पाण्याच्या जागी पैसा ठेवून पाहा. दुधाचे पैसे रोजच्या खर्चाला; उसाचे किंवा कांद्याचे एकदम आलेले पैसे आधी वर्षाचे धान्य, फी, औषधपाणी व कर्जाचा हप्ता यांना; मोटरसायकलचा विचार त्यानंतर. विंधनविहीर म्हणजे उसनवारी, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

बचत किती करावी? येथे एक सोपे गणित आहे. महिना 20,000 मिळवणारा एक गृहस्थ 2,000 शिल्लक टाकतो. त्याचा खर्च 18,000; म्हणजे एका महिन्याचा खर्च गाठीला बांधायला त्याला नऊ महिने लागतात. तेवढाच पगार असलेला दुसरा 5,000 टाकतो. त्याचा खर्च 15,000, आणि त्याला तीनच महिने पुरतात. बचत अडीचपट, पण वेग तिप्पट. कारण खर्च कमी झाला की शिल्लक वाढते आणि गरजही घटते. पगारवाढीची वाट पाहणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडावे. अर्थात ज्या घरात मजुरीवर दोन वेळा कशाबशा निघतात, तेथे काटकसरीचा उपदेश करणे हा उद्धटपणा आहे. तेथे आधी रोजगार हवा. दुष्काळी कामांच्या अनुभवातून महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आली ती म्हणूनच.

साठवलेला पैसा कोठे ठेवावा, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात पुस्तकी राहिलेला नाही. शंभराहून अधिक वर्षे जुन्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये रद्द केला. अशा वेळी ठेव विम्याचा अर्थ कळतो. एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच हे संरक्षण असते. ही मर्यादा 2020 पासूनची, त्यापूर्वी ती एकच लाख होती. एकाच बँकेच्या तीन शाखांत पैसे विभागले तरी उपयोग नाही, सर्व शाखा मिळून एकच हिशेब होतो. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. या विम्याचे छत्र पतसंस्थेतील ठेवीवर नसते, मग पाटीवर अक्षरे कितीही मोठी असोत. तेथे एक-दीड टक्का जास्त व्याज मिळते ते या जोखमीपोटी, असे समजूनच रक्कम ठेवावी. निवृत्त शिक्षकाने आपला सारा फंड तेथे नेऊन ठेवावा हे मला तरी पटत नाही. भिशीचेही तसेच. बारा जणींनी दरमहा हजार रुपये घातले की पाळीने प्रत्येकीला बारा हजार एकरकमी मिळतात, सक्तीची बचत होते, पण आधार केवळ परस्परांच्या विश्वासाचा. बचत गटाचे खाते निदान बँकेत असते आणि दर बैठकीला वहीत नोंद होते.

घरात अशी वही बहुधा आईच्या डोक्यात असते, कागदावर नसते. दिवाळीच्या सुट्टीत ती कागदावर उतरवून घेता येईल: कोणाचे किती देणे, कोणत्या दराने, ठेव कोठे, तिची मुदत कधी संपते, आणि पावतीवर वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे. नाव लावलेलेच नसेल, तर बँकेत नामनिर्देशनाचा अर्ज मिळतो.