इंजिन स्वतःच पाणी तयार करतं!

गाडीत एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. खोटं वाटतं ना? पण हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. पेट्रोलमधल्या हायड्रोजनची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि त्याचं पाणी होतं. म्हणजे ३५ लिटरची टाकी रिकामी झाली की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून गेलेलं असतं. सकाळी गाडी चालू केल्यावर सायलेन्सरच्या तोंडातून टपकतं, ते हेच.

सीएनजीची गाडी तर याहून पुढे. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी!

सगळंच बाहेर जात नाही, खरी गंमत तिथे आहे. पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये निसटतोच, अगदी नव्या कोऱ्या इंजिनातही. त्यातल्या वाफेला साधारण ५० अंशांपेक्षा गार धातू सापडला की ती तिथे थेंब होऊन बसते. म्हणून भर मे महिन्यात, घामाघूम मुंबईतही, नुकतं चालू केलेलं इंजिन या वाफेच्या दृष्टीने गारच असतं.

इंजिन गार असताना ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. पिवळट-पांढरा, लोण्यासारखा थर दिसला तर लगेच धसका घेऊ नका. झाकण इंजिनाच्या गार कोपऱ्यात असतं, त्यामुळे पाणी आणि ऑइल तिथे घुसळून चिकटतं. खरी साक्ष डिपस्टिकची. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल, कूलंट कमी होत असेल आणि ऑइलची पातळी न भरताच वाढली असेल, तर हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय. मग गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टो करा.

आता सोसायटीच्या पार्किंगमधली एक लाडकी सवय. गाडी बरेच दिवस उभी आहे, म्हणून अधूनमधून खाली जाऊन पाच मिनिटं चालू करायची आणि बंद करून वर यायचं. हेतू चांगला, परिणाम उलटा. त्या पाच मिनिटांत पाणी तयार होतं, पण ते उडून जाण्याइतकं ऑइल तापतच नाही. बॅटरीही नीट चार्ज होत नाही. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर जाऊ नका. तो कूलंटचं तापमान दाखवतो, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. त्यापेक्षा गाडी बाहेर काढा आणि अर्धा तास सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवा. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत पोचलं की पाणी वाफ होऊन सुटतं आणि पीसीव्ही नावाचा छोटासा व्हॉल्व्ह ती वाफ चेंबरमधल्या वायूंसोबत पुन्हा सिलिंडरकडे पाठवतो. माझ्या मते गाडीतला सर्वांत दुर्लक्षित गुणी पार्ट हाच. पूर्वी त्याच्या जागी नुसती नळी असायची आणि चेंबरमधला धूर थेट रस्त्यावर सुटायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धुरक्याने त्रासलेल्या कॅलिफोर्नियात हा व्हॉल्व्ह आधी आला आणि मग सगळ्या अमेरिकेत.

सर्व्हिस बुकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. गाडी फिरलीच नाही तर ऑइल कशाला बदलायचं, असा प्रश्न पडतो. उत्तर पुन्हा पाणीच. ज्वलनातल्या वायूंशी मिसळून ते आम्ल बनवतं, आणि त्या आम्लाला मारणारी ऑइलमधली द्रव्यं हळूहळू संपत जातात. रोज फक्त भाजी आणायला दोन किलोमीटर जाणारी गाडी म्हणूनच ऑइलला जास्त छळते.

प्रयोगशाळेतली एक झटपट चाचणी: तापलेल्या पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकायचा. तडतडला तर पाणी आहे. हजारात एक भाग पाणीही बहुधा पकडलं जातं. घरच्या गॅसवर मात्र हे करू नका.

आणि पुराचं पाणी? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाडीला चुकूनही चावी लावायची नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. चेंबरमध्ये शिरलेलं पाणी ऑइलपेक्षा जड, तळाशी बसतं. गॅरेजमध्ये खालचा बोल्ट सोडला की आधी पाणी येतं, मग ऑइल.