आरसा काढल्यावर उरलेली जागा

एसएलआर कॅमेऱ्याचे बटण दाबल्यावर जो ‘खटॅक’ आवाज येतो, त्यात शटरपेक्षा आरशाचा वाटा मोठा असतो. लेन्समधून आत आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या या आरशावरून वर वळतो, पंचकोनी लोलकातून फिरून डोळ्यापर्यंत पोचतो, आणि लेन्सला जे दिसते तेच छायाचित्रकाराला दिसते. फोटो टिपताना आरसा उचलला जातो, मागची फिल्म किंवा सेन्सर क्षणभर उघडा पडतो आणि आरसा पुन्हा खाली येतो. जपानच्या १९५४ सालच्या असाहीफ्लेक्स २बीपासून तो आपसूक खाली येण्याची सोय रुळत गेली. पुढची पन्नासेक वर्षे ‘चांगला कॅमेरा’ म्हणजे आरशाचा कॅमेरा, हे समीकरण कोणी मोडले नाही.

या आरशाला हलायला जागा लागते. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ मिमी उंच. तिला पुरेल एवढा आरसा लेन्सच्या पाठीला न घासता वरखाली व्हायचा, तर लेन्स बरीच पुढे बसवावी लागते. लेन्स बॉडीला जिथे टेकते त्या धातूच्या कड्यापासून, म्हणजे माउंटपासून, फिल्मपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या सोयीने ठरवले. निकॉनच्या एफ माउंटचे ४६.५ मिमी, एम४२ या आटेवाल्या माउंटचे ४५.४६, कॅननच्या ईएफचे ४४, त्याआधीच्या एफडीचे ४२, कोनिकाचे ४०.५. आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की फरक किरकोळ वाटावा. पण कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर चालणार आणि कोणती कपाटात पडून राहणार, याचा निकाल याच फरकाने लावला.

कारण सोपे आहे. दूरच्या डोंगराची प्रतिमा लेन्सच्या मागे एका ठरावीक अंतरावरच स्पष्ट होते. लेन्स हवी त्यापेक्षा थोडी जरी पुढे बसली, तरी डोंगर धूसर होतो आणि फक्त जवळच्या वस्तू स्पष्ट दिसतात. एम४२ची लेन्स निकॉनच्या एसएलआरवर बसवायची, तर मधल्या जोडकड्याची, म्हणजे अ‍ॅडॅप्टरची, जाडी शून्य धरली तरी ती १.०४ मिमी पुढे राहते. गणित करून पाहावे: लेन्स ५० मिमीची असेल, तर साधारण अडीच मीटरच्या पलीकडचे काहीच स्पष्ट येणार नाही. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला बसलेल्या माणसाचा फोटोही बिघडेल. अ‍ॅडॅप्टरमध्ये एखादे दुरुस्तीचे भिंग घालून हे जमवता येई, पण ते स्वस्त भिंग चांगल्या लेन्सची रया घालवत असे.

सगळ्यात विचित्र अवस्था कॅननच्या गिऱ्हाइकांची झाली. १९८७ साली कॅननने ऑटोफोकससाठी ईओएस मालिका आणली आणि माउंट बदलला. नवे अंतर ४४ मिमी, जुने ४२. त्यामुळे कॅननच्याच एफडी लेन्सेस कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यांवर चालेनात. उत्तम काचेच्या, भक्कम धातूच्या असंख्य लेन्सेस एका फटक्यात पोरक्या झाल्या.

२००८च्या ऑगस्टमध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धत जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा लुमिक्स जी१ आला. त्यात आरसा नव्हता. सेन्सरला जे दिसते ते थेट छोट्या पडद्यावर, व्ह्यूफाइंडरमध्येही. हेतू कॅमेरा लहान आणि हलका करण्याचा होता. आरशासाठी राखलेली जागा मोकळी झाल्याने फ्लँज अंतर १९.२५ मिमीवर आले. २०१० साली सोनीचा ई माउंट १८ मिमीचा आला आणि २०१३च्या ए७ कॅमेऱ्यात त्याच माउंटमागे फिल्मच्या चौकटीएवढा, २४ बाय ३६ मिमीचा सेन्सर बसला. २०१८ साली निकॉन आणि कॅननही पूर्ण चौकटीच्या, बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या या वाटेला आले.

आता वजाबाकी करा. ४५.४६ मधून १८ गेले, उरले २७.४६ मिमी. एवढ्या लांबीचे पोकळ धातूचे कडे, एका बाजूला एम४२चे आटे आणि दुसऱ्या बाजूला सोनीचा खटका. आत काच नाही, तार नाही, काही नाही. अशी कडी लावली की एम४२, एफडी, कोनिका, मिनोल्टा, निकॉन, लायका, सगळ्यांच्या लेन्सेस एकाच बॉडीवर दूरचा डोंगर स्पष्ट टिपू लागतात. कंपन्यांनी कॅमेरा लहान करायला निघावे आणि हौशी मंडळींनी त्या रिकाम्या जागेत जवळजवळ शतकभराच्या लेन्सेस आणून बसवाव्यात, हा छायाचित्रणाच्या इतिहासातला मला सर्वांत मनोरंजक अपघात वाटतो.

पहिल्यांदा अशी लेन्स लावणाऱ्याचा कॅमेरा बहुधा हटून बसतो. जुन्या लेन्समध्ये विजेचे टोक नसल्याने लेन्स लावलेलीच नाही असे तो समजतो. मेनूत जाऊन ‘लेन्सशिवाय शटर’ ही सोय चालू करावी लागते. मग फोकस हाताने. इथे आरसा नसण्याचा आणखी एक फायदा दिसतो. पडद्यावरचे दृश्य हवे तेवढे मोठे करता येते आणि फोकस पीकिंग चालू केले की स्पष्ट झालेल्या कडा लाल किंवा पिवळ्या चमकतात. एसएलआरमध्ये हाताने अपर्चर लहान केले की व्ह्यूफाइंडर काळवंडायचा. इथे कॅमेरा पडदा आपोआप उजळ ठेवतो. सोनी ए७ २पासून (२०१४) पूर्ण चौकटीच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यातही सेन्सर स्वतः हलून हाताचा कंप झेलू लागला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या लेन्सला तिच्या जन्मानंतर कित्येक दशकांनी स्थिरीकरण मिळाले. लेन्स किती मिलिमीटरची आहे ते मात्र मेनूत आपणच भरायचे. फोटोच्या माहितीत अपर्चरची जागा कोरी राहते, त्यामुळे हौशी मंडळी वहीत टिपणे ठेवतात.

या मंडळींची लाडकी लेन्स म्हणजे हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ/२. तिचा वंश जर्मन. झाइसची ५८ मिमीची बायोटार १९३०च्या दशकात एक्झाक्टा कॅमेऱ्यासाठी निघाली. युद्धानंतर तिची रचना सोव्हिएत संघात गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तिच्यावरून हेलिओस बनू लागली. सहा भिंगे, चार गट. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ही इतक्या प्रचंड संख्येने विकली गेली की आजही ती जुन्या बाजारात सहज आणि स्वस्तात मिळते. अपर्चर पूर्ण उघडे ठेवून दीड-दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढा आणि त्याच्या मागे उन्हाचे कवडसे झिरपणारे झाड असू द्या. पार्श्वभूमीतले धूसर ठिपके चेहऱ्याभोवती गरगर फिरल्यासारखे दिसतात. कारण असे, की चौकटीच्या कडेकडे तिरपा येणारा प्रकाश लेन्सच्या नळकांड्यात थोडा कापला जातो. त्यामुळे गोल ठिपक्याची निमुळती पाकळी होते, आणि प्रत्येक पाकळी केंद्राभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेने आडवी पडते. लेन्सच्या वक्रतेचे अर्धवट सुधारलेले दोष त्यात भर घालतात. आजच्या लेन्सेस हे सगळे निगुतीने घालवतात. हौशी लोक पैसे देऊन ते परत आणतात. लहान सेन्सरवर चौकटीचा कडेचा भाग कापला जाऊन ही गंमत बरीच ओसरते, हे मात्र विकत घेण्याआधी ध्यानात असावे.

दुसरी नवलाईची लेन्स असाही ऑप्टिकलची ५० मिमी एफ/१.४ टाकुमार. तिच्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे. थोरियममुळे काच प्रकाशाला जास्त वळवते, पण रंग फारसे फाकू देत नाही. मात्र ते किरणोत्सारी आहे, आणि त्याच्या किरणांनी काच वर्षानुवर्षे हळूहळू चहाच्या रंगाची होत जाते. उपाय फुकटचा आहे: लेन्स काही दिवस उन्हात ठेवायची. अतिनील किरणांनी पिवळेपणा पुष्कळसा जातो. थोरियम अर्थातच जात नाही. त्याचे अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षांचे आहे. कॅमेऱ्यावर लावून वापरण्यातला धोका नगण्य मानला जातो. ती काच घासण्याच्या भानगडीत मात्र कोणी पडू नये.

हेलिओसची एक उणीव म्हणजे अर्ध्या मीटरपेक्षा जवळ ती फोकस होत नाही. खिडकीतल्या कुंडीतले जास्वंदीचे फूल, पेल्यातल्या चहावरची वाफ, पायरीवर झोपलेले मांजर, हे घरबसल्या काढायच्या फोटोंचे विषय. त्यांत फूल हवे तेवढे मोठे येत नाही. त्यासाठी आटे फिरवून लांब होणारे अ‍ॅडॅप्टर मिळतात. लेन्स पुढे सरकली की दूरचे धूसर आणि जवळचे स्पष्ट होते, हे वर पाहिलेच. निकॉनवर जी अडचण होती, ती फुलाच्या फोटोत कामी येते.

सगळेच जमते असे नाही. लायकासारख्या आरसा नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सेस फिल्मच्या अगदी जवळ जात. त्यांतला प्रकाश कोपऱ्यांवर फार तिरपा पडतो. फिल्मला त्याचे काही वाटत नसे. पण सेन्सरवर संरक्षक काचेचा थर असतो, त्यातून तिरपे जाताना कोपरे पुसट होतात, कधी जांभळट पडतात. स्वस्त अ‍ॅडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड केलेले असतात, म्हणजे डोंगर नक्की स्पष्ट व्हावा. मग लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे ठरतात. आतून चकचकीत असलेले कडे घेऊच नये. त्यात उडालेला प्रकाश फोटोवर दुधाळ पडदा आणतो.

महाराष्ट्रात खरा शत्रू म्हणजे बुरशी. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा चोर बाजारात जुनी लेन्स हातात आली, की अपर्चर उघडून तिच्यातून टॉर्चचा उजेड पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर किंमत कितीही कमी असो, परत ठेवावी. बुरशी काचेवरचा लेप खाते, आणि लेन्स साफ केली तरी चरे राहतात. कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या बंद पेटीत लेन्स ठेवणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, किंवा ४०-५० टक्के आर्द्रता राखणारे कोरडे कपाट, याला पर्याय नाही. पहिला खर्च लेन्सपेक्षा यावर करावा, असे मी म्हणेन.

कड्यांचा हा हिशेब एकाच दिशेने चालतो: जास्त अंतराची लेन्स कमी अंतराच्या बॉडीवर जाते, उलट जात नाही. निकॉनचे ४६.५ मिमी हे मोठे अंतर असल्याने त्यांच्या एफ लेन्सेस कॅननच्या एसएलआरवरही साध्या कड्याने बसत, पण निकॉनची बॉडी मात्र इतर बहुतेकांच्या लेन्सेस नाकारत असे. २०१८च्या झेड माउंटचे अंतर १६ मिमी, पूर्ण चौकटीच्या प्रचलित माउंटांत सर्वांत कमी. सोनी ई आणि निकॉन झेड यांच्यात दोनच मिलिमीटर उरतात, आणि तेवढ्यात मावणारे, बांगडीइतके पातळ अ‍ॅडॅप्टर निघाले आहेत. त्यांतून सोनीच्या लेन्सचा ऑटोफोकसही निकॉनवर चालतो. निकॉन झेडची लेन्स मात्र सोनीवर लावायला कोणतेही कडे नाही.