कारण खरे, पण लागू आहे काय?

सभेत, घरात आणि कट्ट्यावर आपण रोजच वाद घालतो. परंतु पुष्कळदा असे घडते की, मुद्दा एक असतो आणि कारण भलतेच दिले जाते. ते कारण खरेही असते. पण त्यातून निष्कर्ष निघत नाही. गौतमाच्या न्यायसूत्रात वादातील पराभवाची २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी ‘अर्थांतर’ म्हणजे चालू विषय सोडून दुसरेच बोलणे. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनेही या दोषाची चिकित्सा केली. त्याचे नेहमी भेटणारे चार प्रकार आपण पाहू.

१) व्यक्तीवर घसरणे : बैठकीत एखादा तरुण विचारतो, “कार्यक्रमाच्या खर्चाच्या पावत्या कुठे आहेत?” उत्तर मिळते, “तू कालचा पोर, तुझी वर्गणी तरी भरलीस का?” वर्गणी थकली असेल तर ती जरूर मागावी, परंतु पावत्या आहेत की नाहीत, हे त्यावरून ठरत नाही. मात्र साक्षीदाराच्या खरेपणाचाच प्रश्न असेल, तर त्याची विश्वासार्हता तपासणे गैरलागू नव्हे.

२) बहुसंख्येचा आधार : “सगळेच हुंडा घेतात.” घेणारे किती, एवढेच यातून कळते, घेणे योग्य की अयोग्य, हे कळत नाही.

३) जुनेपणाचा आधार : “आपल्या घराण्यात मुलगी दहावीपुढे शिकलीच नाही.” म्हणून हिनेही शिकू नये काय? महाडच्या चवदार तळ्याच्या १९२७ सालच्या लढ्यानंतर विरोधकांनी न्यायालयात प्राचीन वहिवाटीचाच दावा मांडला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात ती वहिवाट सिद्ध झाली नाही. आणि समजा, झाली असती, तरी पाणी नाकारणे जुने आहे एवढेच ठरले असते. ते न्याय्य आहे हे ठरले नसते.

४) दयेची याचना : “सर, वडील आजारी आहेत, गुण वाढवा.” आजारपण हे मदतीचे कारण आहे, उत्तर बरोबर असल्याचे नव्हे.

हे दोष ओळखण्याची कसोटी सोपी आहे. समोरच्याचे कारण क्षणभर पूर्ण खरे माना आणि विचारा, “एवढ्याने मुद्दा सिद्ध होतो काय?” उत्तर ‘नाही’ आले, तर शांतपणे म्हणावे, “ते नंतर बोलू, आधी मूळ प्रश्न पाहू.” मात्र एक सावधगिरी हवी. कारण चुकीचे निघाले म्हणून निष्कर्षही खोटाच, असे मानू नये. त्याला दुसरा योग्य आधार असू शकतो.

अंगुत्तरनिकायातील कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना हेच सांगितले की, ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा आपला गुरू सांगतो, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका. विद्यार्थी मित्रांनी ही कसोटी प्रथम स्वतःच्या बोलण्याला लावावी. आपल्या बाजूचे गैरलागू कारण ज्याला दिसते, त्याला दुसऱ्याचे दाखविण्याचा अधिकार आपोआप मिळतो.