शिपायांची गणती आणि परीक्षा

भंडारा जिल्ह्यांत तुमसर तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगरावर आंबागडचा किल्ला उभा आहे. अशा किल्ल्याचें बळ तटावरील शिपाई नुसते मोजून कळत नसे. शत्रूस ओळखणारे किती आणि ओळखून हत्यार चालविणारे किती, हें पाहावें लागे. कर्करोगाच्या गांठीविरुद्ध लढणाऱ्या पांढऱ्या पेशींविषयीं शास्त्रज्ञांपुढें हाच प्रश्न असतो.

विदर्भास हा प्रश्न परका नाहीं. तंबाखू, सुपारी व चुना यांचा खर्रा तेथें गांवोगांव खाल्ला जातो, आणि तंबाखू व सुपारी हीं दोन्ही मुखकर्करोगाचीं सिद्ध कारणें आहेत. रोग्याची गांठ सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिली असतां तींत पुष्कळदां त्याच्याच टी-पेशी शिरलेल्या दिसतात. पण त्या लढत आहेत किंवा स्वस्थ बसल्या आहेत, हें नजरेनें ठरत नाहीं.

त्यांच्या परीक्षेची एक रीत १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. गांठींतील पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियम पाजतात व टी-पेशींसह चार तास शरीराइतक्या उष्णतेंत ठेवतात. पेशी फुटली कीं क्रोमियम बाहेरच्या द्रवांत उतरतें व यंत्रानें मोजतां येतें. मात्र कांहीं क्रोमियम आपोआपच गळतें. तें वजा करावें लागतें. समजा, आपोआप गळणारें १००, साऱ्या पेशी फोडल्यास ११०० आणि टी-पेशींसह ६०० असें माप आलें. तर १००० पैकीं ५००, म्हणजे शेंकडा ५० हें टी-पेशींचें काम ठरतें.

मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेंतील शुभदा चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १९९९ सालीं दाखविलें कीं, गॅमा-डेल्टा नांवाच्या टी-पेशी मुखकर्करोगाच्या पेशींवरील एक विशिष्ट प्रथिन ओळखतात. पुढें २०२३ च्या ऑक्टोबरांत, मुंबईच्या आय. आय. टी. नें टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यानें सिद्ध केलेल्या उपचारास भारतांत मान्यता मिळाली. त्यांत रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून, शत्रु ओळखण्यास शिकवून परत सोडतात. हा उपचार रक्ताच्या कांहीं कर्करोगांवर आहे. तोंडाच्या घट्ट गांठींत शिरणें पेशींना कठीण जातें, आणि शिरलेल्यांना गांठ थकवून टाकते.

म्हणून काचपात्रांतील शेंकडा ५० हा आंकडा रोगी बरा होण्याचें वचन नव्हे. कोणत्या पेशी उपचारास योग्य, हें निवडण्यास तो साहाय्य करितो. खर्रा सोडण्याची निकड मात्र त्यानें तिळमात्र कमी होत नाहीं.